अकरा दिवस मागे

सकाळी सहा वाजता उशाशी फोन थरथरला आणि डोळे न उघडताच मी मनात म्हटलं, आले सामंत. हे मी कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतील, कारण चंद्रप्रकाश सामंतांना जाऊन साडेआठ महिने झाले आहेत आणि त्यांच्या तेराव्याला मी स्वतः नाहूरला जाऊन जेवून आले आहे. पण आमच्या स्वरवेल या गाण्याच्या मंडळाच्या वेबसाइटवर नवीन काही लागलं की नाव नोंदवलेल्या सगळ्यांच्या फोनवर ते येतं, आणि वेबसाइट सामंत बघायचे. दिवाळी पहाट, गुढीपाडव्याची मैफल, मंडळाचे गुरू अण्णासाहेब यांची पुण्यतिथी असले सगळे मजकूर त्यांनी पुढच्या तारखा घालून आधीच चढवून ठेवले होते. तारीख उजाडली की मजकूर आपोआप झळकतो. खाली त्यांचं नाव आणि बाजूला तो फोटो, ज्यात त्यांचा एक हात पेटीच्या भात्यावर आहे आणि नजर फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली आहे. फोटो मीच काढला होता. ते गेल्यापासून असे दहा-अकरा मजकूर आले. पासवर्ड माझ्याकडे आहे. आत शिरून पुढचे किती आहेत, कुठे संपतात हे मी कुठल्याही दिवशी बघू शकले असते. बघितलं नाही. लहानपणापासून मला खाऊचा डबा उघडला की तळ दिसेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून या वेळी डबाच उघडला नाही. एरवी माझा फोन सकाळी सहाला वाजवणारं कुणी नाही. सकाळी सहालाच कशाला, दिवसभरात नाही. विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मला फोन करतात ते फक्त माझं आयुष्य पुन्हा एकदा विम्यात घालू बघणारे, आणि त्यांना काय ठाऊक की त्या धंद्यात मी चौतीस वर्षं काढली आहेत.

तर आज आलेला मजकूर असा होता: ‘आज गुरुपौर्णिमा. सकाळी नऊ वाजता मंडळाच्या हॉलमध्ये गुरुवंदना. शिष्यांनी वेळेवर यावे. उशिरा येणाऱ्यांस शेवटी गावे लागेल.’ हे शेवटचं वाक्य मी त्यांना काढायला लावलं होतं. तेव्हा हो हो म्हणाले आणि माझी पाठ वळल्यावर परत घातलं असणार. मी अंथरुणात पडल्या पडल्या हसले. मग उठून चहा टाकला, आणि गॅसपाशी उभी राहून खिडकीतून बघते तर सोसायटीच्या फाटकाजवळच्या वडाभोवती समोरच्या अनुपमा वहिनी आणि आणखी चार-पाचजणी काठपदराच्या साड्या नेसून सूत गुंडाळत होत्या. पाऊस उघडलेला होता, वडाखाली चिखल होता आणि सगळ्याजणी साड्या वर धरून पाय जपत फिरत होत्या. दरवर्षी मी हे खिडकीतून बघते. मला कुणी बोलवत नाही आणि मीही जात नाही, त्यात वाईट वाटून घ्यायचं वय गेलं. पण चहा गाळता गाळता माझा हात थांबला. आज वटपौर्णिमा, म्हणजे ज्येष्ठातली पौर्णिमा. गुरुपौर्णिमा आषाढातली. मग आज गुरुपौर्णिमा कशी? यंदा ज्येष्ठ अधिक होता, आत्ता कुठे पंधरा दिवसांपूर्वी संपला. अधिक महिना आला की पुढचे सगळे सण एक महिना लांब जातात, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझे वडील रेल्वेत कारकून, पण अख्खी चाळ त्यांच्याकडे तिथी विचारायला यायची, आणि त्यांच्या मागे त्यांचं पंचांग माझ्याकडे आलं. दरवर्षी नवं घेते. त्याशिवाय पुढच्या दहा वर्षांचं एक जाडजूड आहे, ते त्यांनी घेतलेलं शेवटचं. सामंत महिनाभर आधी चुकले होते. चहा गार झाला तरी मी तशीच उभी होते, आणि मला चुकीचं काहीच वाटत नव्हतं, त्या चुकीला माझा हात लागलेला आहे याची मात्र हळूहळू जाणीव होत होती.

नऊ वाजून वीस मिनिटांनी मुकुलचा फोन आला. मुकुल आमचा सेक्रेटरी. वय चौतीस, ऐरोलीला कॉम्प्युटरमधली नोकरी, तबला बरा वाजवतो, बोलतो मात्र कायम द्रुत लयीत.

“ताई, साइटवर काय टाकलंयत? गुरुपौर्णिमा आज कुठेय?”

“मी नाही टाकलं. सामंतांचं आहे ते.”

“म्हणजे? त्यांचं अजून चालूच आहे? मला वाटलं, सगळं तुम्हीच टाकता! अहो, प्रेमाताई पार्ल्याहून येऊन हॉलच्या पायरीवर बसल्यात. वॉचमनचा फोन होता. अजून तिघं-चौघं आले आणि बडबडून गेले. मी इकडे मीटिंगमध्ये अडकलोय. तुम्ही जरा बघता का, प्लीज?”

“निघालेच.”

“आणि ताई, ते पुढचं शेड्यूल केलेलं सगळं आजच्या आज उडवा. अजून काय काय बाहेर येईल, वाट लागेल आपली. तुम्हाला संध्याकाळपर्यंत नाही जमलं तर मी ऑफिसमधून करतो. दोन मिनिटांचं काम आहे.”

दोन मिनिटांचं. मी साडी बदलली, पिशवी घेतली आणि निघता निघता कपाटातलं ते दहा वर्षांचं पंचांग पिशवीत टाकलं. साडेआठ महिन्यांपूर्वी टाकायचं होतं ते.

माझ्या घरापासून हॉल पंधरा मिनिटांवर आहे, मुलुंड पूर्वेला, एका मराठी शाळेच्या मागे. सहा वर्षं मी दर गुरुवारी दुपारी दोन वाजता हा रस्ता चालले. वेबसाइटचं काम म्हणजे काय, तर हॉलच्या बाजूच्या खोलीत, चार पेट्या आणि तंबोऱ्यांच्या फाटक्या गवसण्या यांच्यामध्ये एक जुना कॉम्प्युटर, त्याच्यासमोर दोन खुर्च्या. सामंत टाइप करायचे, मी तपासायची. ते कंपनीत नकाशे काढायचे, त्यामुळे त्यांच्या मजकुरातही सगळं रेघेत असायचं, पण ऱ्हस्वदीर्घाच्या नावाने आनंद होता. तिथ्या मी सांगायची. “गुप्तेबाई, माघ वद्य द्वितीया कधी?” असं ते पडद्यावरची नजर न काढता विचारायचे आणि मी पंचांग उघडायची. सहा वर्षांत ते मला गुप्तेबाईच म्हणाले आणि मी त्यांना सामंत. मध्ये चारला ते थर्मासमधला चहा काढायचे, एकाच झाकणात आळीपाळीने प्यायला लागायचा म्हणून मी एक कप घरून नेऊन ठेवला. बायको जाऊन त्यांना बारा वर्षं झाली होती आणि माझ्या आयुष्यात कुणी आलंच नव्हतं. आमच्यात काय होतं असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. काहीच नव्हतं. पण बुधवारी रात्री माझी दुसऱ्या दिवशीची साडी बाहेर काढून ठेवलेली असायची, आणि हे मी आज पहिल्यांदाच स्वतःशी नीट कबूल करते आहे की मला तो माणूस हवा होता, फक्त गुरुवारी नव्हे.

मग कोजागरी आली. त्या मैफलीत वेबसाइटला दहा वर्षं झाली म्हणून सामंतांचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, आणि दोन शब्द बोला. सामंत उभे राहिले आणि त्यांनी आभार मानायला सुरुवात केली. अध्यक्षांचे मानले, अण्णासाहेबांच्या फोटोचे मानले, मंडपवाल्याचे मानले, एवढंच काय, नाहूरच्या आपल्या केबलवाल्याचेही मानले, का तर त्याने नेट कधी बंद पडू दिलं नाही. मी मागे दुधाच्या पातेल्यापाशी पेले भरत होते. प्रत्येक नावाला मला वाटत होतं, आता येईल. आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, हात दुधाने चिकट झालेले होते. त्यानंतरच्या गुरुवारी मोठं काम ठरलं होतं. पुढच्या दहा वर्षांचे मजकूर त्यांनी लिहून काढले होते, मी पंचांग घेऊन जायचं आणि बसून एकदाच्या सगळ्या तारखा घालून टाकायच्या. “एकदा दहा वर्षांचं मार्गी लावलं की आपण सुटलो, गुप्तेबाई,” असं ते म्हणाले होते. मी गेले नाही. पंचांग मांडीवर घेऊन घरात बसून राहिले. म्हटलं, त्या केबलवाल्याला विचारा तिथ्या. चार वाजून सात मिनिटांनी त्यांचा फोन आला. वाजू दिला. चार एकतीसला आला. वाजू दिला. चार बावन्नला तिसऱ्यांदा आला, तेव्हा माझा राग जवळजवळ विरघळला होता, पण मी ठरवलं, चौथ्यांदा केला तर उचलायचा. चौथ्यांदा त्यांनी केला नाही. रविवारी सकाळी नाहूरच्या घरात, दाढी करताना, ते गेले. ते तीन फोन माझ्या फोनमध्ये अजून आहेत, तांबड्या अक्षरात. साडेआठ महिने मी एकच विचार करते आहे, काय म्हणायचं होतं त्यांना? कधी वाटतं, चूक लक्षात आली असेल आणि माफी मागायची असेल. फार एकटं वाटलं की मी त्यांच्या तोंडी याहून बरंच काही घालते, जे इथे सांगत नाही.

प्रेमाताई खरोखरच पायरीवर बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. मंडळात तीस वर्षं गाणं शिकवलं, अण्णासाहेबांच्या पहिल्या शिष्यांपैकी आता त्याच तेवढ्या उरल्या आहेत. पांढरी साडी, मांडीवर स्टीलचा डबा, काठी भिंतीला टेकवलेली. मला बघून त्यांनी घड्याळाकडे बोट केलं.

“रत्ना, उशीर केलास. शेवटी गावं लागेल हं.”

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. “प्रेमाताई, आज गुरुपौर्णिमा नाहीये. पुढच्या महिन्यात आहे. साइटवर चूक झाली.”

“ते मला पवईलाच कळलं. रिक्षातून वडाला बायका दिसल्या ना.”

“मग परत नाही का जायचं? एवढ्या लांब कशाला आलात, पाय दुखतो तुमचा.”

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आत सोनचाफ्याची फुलं होती, ओल्या फडक्यावर मांडलेली. त्यातलं एक उचलून त्यांनी परत ठेवलं.

“म्हटलं, आलेच आहे तर चंदूला भेटून जाऊ.”

 त्याच पुढे म्हणाल्या, “मला ऑक्टोबरात कुणीतरी फोन केला होता गं, तो गेला म्हणून. पण मी काही डोळ्यांनी बघितलं नव्हतं. या पायामुळे तेव्हा येता आलं नाही. आणि आज सकाळी नात म्हणाली, आजी, सामंतकाकांनी लिहिलंय, नऊ वाजता या. खाली नाव त्याचं, फोटो त्याचा. ते उशिरा येणाऱ्यांचं वाक्य तर त्याच्याशिवाय कोण लिहिणार? म्हटलं, हल्ली फोनवर जिवंत माणसांना मारतात ना लोक. तसंच असेल काहीतरी.”

“गेले ते, प्रेमाताई. मी गेले होते.”

“हो ना?” त्या म्हणाल्या. “बरं.” मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. समोरच्या शाळेत मधली सुट्टी झाली होती, पोरांचा कालवा चालला होता. मला त्यांची दया यायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटला. पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत, दीड-दोन तास, सामंत त्यांच्या लेखी चक्क जिवंत होते, पायरी चढलं की भेटणार होते. मी गेले साडेआठ महिने फोनच्या थरथरण्यातून जे चोरून चोरून घेत होते ते त्यांनी आज उजेडात, चाफ्याचा डबा घेऊन केलं. आणि ते मोडायचं काम माझ्या वाट्याला आलं. मी त्यांना हॉल उघडून पाणी दिलं, कांजूरमार्गमार्गे जाणारी रिक्षा थांबवली, नातीला फोन करून सांगितलं की आजी निघाल्या आहेत. रिक्षात बसल्यावर त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

“त्याच्या पेटीवर ठेव. आणि रत्ना, तारखेत चुकणारा नव्हता तो. तू होतीस ना बरोबर?”

“हो,” मी म्हटलं. रिक्षा सुटली होती, त्यामुळे पुढचं काही बोलावं लागलं नाही.

खोलीत साडेआठ महिन्यांचा वास होता. म्हणजे मी मधून मधून येऊन कार्यक्रमांचे फोटो चढवून जात होते, पण खिडकी कधी उघडली नव्हती. चाफा मी त्यांच्या पेटीवर ठेवला, माझा कप धुतला, आणि कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेतो. तेवढ्या वेळात मी मनाची तयारी केली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मी नुसती घाबरून बसले होते. आत शिरले, मजकुरांच्या यादीत गेले, आणि ज्या शब्दावर साडेआठ महिने बोट नेलं नव्हतं त्यावर नेलं. नियोजित. समोर आकडा आला, एकशे एकतीस. आधी आनंद झाला, अगदी आतून, की अजून इतके आहेत! मग लगेच कळलं की एकशे एकतीस म्हणजे एकशे एकतीसच, त्यानंतर नाही. आणि मुकुलला ते संध्याकाळपर्यंत उडवलेले हवे होते. यादी खाली सरकवायला लागले आणि तारखा बघून थक्क झाले. आज लागलेली गुरुपौर्णिमा ही तर सुरुवात होती. पुढच्या वर्षीची अठरा जूनला. त्याच्या पुढची सात जूनला. दिवाळी सरकत सरकत जुलैत आली होती. कोजागरी एके वर्षी भर जूनमध्ये, धो धो पावसात आटीव दूध. मला हसू फुटलं. सामंतांचं गणित माझ्या ध्यानात आलं. मी तिथ्या सांगायची तेव्हा त्यांनी कधीतरी टिपून ठेवलं असणार की दरवर्षी सण अकरा दिवस मागे येतो. मी आले नाही म्हणून त्यांनी एकट्याने बसून, नकाशे काढणाऱ्या माणसाच्या निष्ठेने, प्रत्येक तारीख दरवर्षी अकरा दिवस मागे ढकलली होती. पहिले आठ महिने ते जुळलं. अधिक महिना आला की गाडी पुन्हा महिनाभर पुढे जाते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, ऐन वेळी आठवलं नाही एवढंच. त्यांना ना मुलगी, ना जावई. अधिक महिन्यात त्यांच्या घरी कोण अनारसे खायला येणार होतं?

गुरुपौर्णिमेचा शेवटचा मजकूर २०३५ सालचा होता. तारीख बावीस मार्च. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची असेन, म्हणजे सामंत गेले तेव्हा जेवढे होते तेवढी. मी तो उघडला. आणि उघडताना पिशवीतलं जाडजूड पंचांग पडद्याला आडवं लावून धरलं, डाव्या बाजूला, जिथे मजकूर दिसतो. मला तो वाचायचा नव्हता. वाचला असता तर नऊ वर्षांनी सकाळी सहाला काय उरलं असतं? मला फक्त उजवीकडची तारीख हवी होती. पण तारखेच्या खाली एक चौकट असते, जी साइटवर दिसत नाही, आतल्या आत असते. ती सामंतांनी माझ्यासाठी करून घेतली होती, काही शंका असली तर त्यात लिहायचे आणि मी गुरुवारी बघायची. त्या चौकटीत मजकूर होता. प्रत्येक ओळीपुढे दिवस आणि वेळ आपोआप पडते. तो त्या गुरुवारचा दिवस होता, कोजागरीनंतरच्या.

‘दुपारी ४.०५. गुरुपौर्णिमा मार्चात? माझे गणित कुठेतरी चुकते आहे. गुप्तेबाईंना विचारणे.’

चार सातला पहिला फोन आला होता.

‘दुपारी ४.३५. दिवाळीही जुलैत येते आहे. काहीतरी मोठाच घोळ आहे. पुन्हा फोन केला.’

आणि शेवटची ओळ.

‘दुपारी ४.५५. फोन उचलत नाहीत. कामात असतील. राहू दे आता असेच, पुढच्या गुरुवारी येतीलच.’

 तीन फोन. मी साडेआठ महिने त्या तीन फोनांत एक माणूस कोंबून कोंबून भरला होता, त्याची माफी, त्याचा कंप पावणारा आवाज, त्याचं एकदा तरी रत्नप्रभा म्हणणं. आणि त्यांना अधिक महिना हवा होता. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले, मोठ्याने, तोंडावर पदर न घेता, कारण घेऊन करायचं काय, चार पेट्या सोडल्या तर ऐकायला कोण होतं. माफीबिफी काही नव्हतं. मी रागावले आहे हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं! केबलवाल्याचे आभार मानायचे असतात, तो बाहेरचा. जी शेजारच्या खुर्चीत बसलेलीच असते तिचे कसले आभार? हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं, आणि अजूनही पुरतं पटलेलं नाही. एकदा नाव घेतलं असतं तर त्यांचं काही बिघडलं नसतं. पण ‘कामात असतील’ हे वाचून मला कुठेतरी खोल लागलं. मी कामात नव्हते, सामंत. मी फोनकडे बघत बसले होते.

किती वेळ गेला कोण जाणे. शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा मी चेहरा धुतला आणि पंचांग उघडलं. आधी आज लागलेला मजकूर मागे घेऊन त्याची तारीख बदलली. यंदाची गुरुपौर्णिमा, एकोणतीस जुलै, सकाळी सहा. मग यादीतला पहिला, डावी बाजू पंचांगाच्या पुठ्ठ्याने झाकून, मग त्याच्या पुढचा. वद्य द्वितीया, शुद्ध पंचमी, पुन्हा मधला एक अधिक, पुन्हा सगळं महिनाभर पुढे. प्रत्येक तारीख जतन केली की खाली एक बारीक ओळ उमटत होती, ‘लेखन: चंद्रप्रकाश सामंत. शेवटचा बदल: रत्नप्रभा गुप्ते.’ ही ओळही बाहेर कुणाला दिसत नाही. मी मात्र ती प्रत्येक वेळी वाचली. साडेपाचला मुकुलचा फोन आला. पहिल्याच रिंगला उचलला.

“ताई, उडवलं का सगळं?”

“नाही. तारखा दुरुस्त करतेय.”

“बघितलं मी आत्ता, एकशे तीस का किती आहेत ना त्या? यार ताई, कशाला एवढा ताप? नवीन टाकू ना आपण दरवर्षी.”

“तू टाकशील?”

 तो म्हणाला, “पण पुन्हा चूक झाली ना, तर लोक मला फाडून खातील.”

“नाही होणार. पंचांग घेऊन बसलेय. आणि मुकुल, त्यातलं काहीही उडवायचं नाही. नवीन साइट केलीस तरी हे तिकडे जसंच्या तसं न्यायचं, सामंतांच्या नावासकट. मंडळाच्या सभेत कुणी विचारलं तर मी उभी राहून सांगेन.”

“तुम्ही? सभेत?” त्याला खरोखर आश्चर्य वाटलं असावं. “बरं ताई. झकास. करा मग.”

यादीतले एकशे तीस झाले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. राहिला तो मुद्दाम शेवटी ठेवलेला, २०३५ च्या गुरुपौर्णिमेचा, चौकटीतल्या ओळींचा. वडिलांच्या पंचांगाचं ते शेवटून दुसरं-तिसरं पान होतं, तिथे त्यांनी कधीतरी पेन्सिलीने खूण केलेली होती, कशाची ते आता कळायला मार्ग नाही. आषाढ पौर्णिमा, वीस जुलै. तारीख घातली. जतन करायच्या आधी मी चौकटीत बोट ठेवलं, सामंतांच्या शेवटच्या ओळीच्या खाली, ‘येतीलच’च्या खाली. मनात बरंच काही आलं, जे मी गेले साडेआठ महिने त्यांच्या तोंडी घालत होते ते सगळं आता माझ्या बोटांत आलं होतं. पण ती चौकट शंकांसाठी होती. शंका विचारली की उत्तर द्यायचं, एवढंच आमच्यात ठरलेलं होतं. मी टाइप केलं:

‘मधे अधिक महिने आले, ते धरायचे राहिले. तारखा लावल्या. आज सोमवार आहे, पण आले.’

आणि जतन केलं.